आधी अँड्रॉइड की आधी आयफोन? एकट्याने गेम बनवणाऱ्यांचे प्रश्न

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून मोबाइल गेम बनवणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. ‘दोन्हींत चांगला प्लॅटफॉर्म कोणता’ एवढंच विचारणारी बाजूला ठेवली, कारण तो वाद चहाच्या टपरीवरच शोभतो. ज्यांचं काम कुठेतरी अडलंय, अशांचे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझा टू-डी पझल गेम पूर्ण होत आलाय. हाताशी तीस हजार रुपये आहेत. दोन्हीकडे एकदम काढू की एकीकडे आधी? (कोल्हापूर)

आधी अँड्रॉइड. यात कमाईपेक्षा चुकांचा हिशेब आहे. गूगल प्लेचं खातं २५ डॉलरमध्ये एकदाच उघडतं. ॲपलचे ९९ डॉलर दर वर्षी भरावे लागतात आणि एका वर्षी राहिले तर गेम स्टोअरवरून उतरतो. शिवाय मॅक लागतो तो वेगळाच. पहिल्या गेममध्ये पहिले सहा महिने चुका निस्तरण्यातच जातात. त्या स्वस्त ठिकाणी केलेल्या बऱ्या. भारतात दहातल्या नऊहून अधिक फोनांवर अँड्रॉइड आहे, त्यामुळे गेम खेळून बघायला माणसं चटकन मिळतात.

मात्र गेम आधी पैसे घेऊन विकायचा विचार असेल तर गणित उलटं फिरतं. आपल्याकडचा अँड्रॉइडवाला फुकट खेळतो आणि जाहिरात बघतो. गेमसाठी आधी पैसे मोजायची सवय आयफोनवाल्यांत आणि परदेशातल्या खेळाडूंत जास्त दिसते.

दोन गोष्टी आजच ठरवा, कारण नंतर बदलता येत नाहीत. एक, पॅकेजचं नाव, म्हणजे स्टोअर तुमचा गेम ज्यावरून ओळखतं ते आतलं नाव. एकदा प्लेवर चढलं की जन्माचं चिकटलं, तेव्हा ‘टेस्ट२’ असलं काही ठेवू नका. दुसरी, किंमत. प्लेवर फुकट म्हणून काढलेला गेम पुढे विकत करता येत नाही. विकतचा फुकट मात्र करता येतो. म्हणून पहिल्या पंधरा लेव्हल मोकळ्या ठेवा आणि बाकीच्या एका खरेदीत उघडा. हीच मांडणी आयफोनवर जशीच्या तशी नेता येते.

कमिशन दोन्हीकडे वर्षाला पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत १५ टक्के आहे, पण ते आपोआप लागू होत नाही. ॲपलकडे स्मॉल बिझनेस प्रोग्रॅमला अर्ज करावा लागतो, गूगलकडे खात्यांचा गट बनवून नाव नोंदवावं लागतं. हे राहिलं की ३० टक्के कापले जातात, आणि कळतं ते पहिला हिशेब हातात आल्यावर.

प्रश्न : प्ले कन्सोल (गेम चढवायचं गूगलचं पान) गेम प्रसिद्ध करूच देत नाही. बारा टेस्टर हवेत म्हणतो. माझ्याकडे चौदा जण आहेत, तरी आकडा नऊवर अडकलाय. (नांदेड)

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना हा नियम आहे. सुरुवातीला वीस टेस्टर लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये ते बारा झाले. बारा जण सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये, म्हणजे निवडक लोकांपुरत्या चाचणीत, राहिले पाहिजेत. संस्थेच्या नावाच्या खात्याला ही अट नाही.

तुमचे पाच जण कुठे गळले असतील ते सांगतो. यादीत ईमेल टाकला म्हणजे माणूस टेस्टर झाला असं होत नाही. त्याने दुवा उघडून ‘टेस्टर व्हा’ हे बटण स्वतः दाबावं लागतं. बऱ्याच जणांच्या फोनमध्ये दोन गूगल खाती असतात. यादीत एक आणि प्ले स्टोअरमध्ये चालू दुसरं, असं असेल तर दुवा उघडतो पण गेम सापडत नाही. काहींनी तुमच्या इंटर्नल टेस्टचा, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीचा, दुवा वापरला असेल. ती टेस्ट इथे मोजली जात नाही. आणि एखाद्याने मध्येच बाहेर पडून आकडा बारांच्या खाली नेला तर ‘सलग’ तुटतं.

अठरा-वीस जण जोडा, म्हणजे दोघं-तिघं गळाले तरी चालेल. ईमेल एकेक टाकण्याऐवजी गूगल ग्रुप बनवा. चौदा दिवसांत किमान दोन अपडेट द्या आणि आलेल्या तक्रारी लिहून ठेवा, कारण नंतरच्या अर्जात टेस्टरांनी काय सांगितलं आणि तुम्ही काय बदललं हे विचारतात. पैसे घेऊन टेस्टर पुरवणाऱ्यांच्या नादी लागू नका. ती माणसं गेम उघडतसुद्धा नाहीत, आणि अर्जात लिहायला तुमच्याकडे काही उरत नाही.

जाता जाता एक: गेममधून पैसे मिळवणार असाल तर वैयक्तिक खात्याचा पूर्ण पत्ता प्लेवर सगळ्यांना दिसतो. घरचा पत्ता द्यायचा की नाही, हे घरच्यांना विचारून ठरवा.

प्रश्न : मराठी शब्दकोड्याचा गेम युनिटी या गेम-इंजिनात बनवतोय. संगणकावर नीट टाइप केलेली अक्षरं गेममध्ये फुटतात. ‘किल्ला’ वाचताच येत नाही. फॉन्ट तीन वेळा बदलून झाला. (ठाणे)

फॉन्ट निर्दोष आहे. ‘किल्ला’ हा शब्द संगणकाकडे क, ि, ल, ्, ल, ा असा सहा तुकड्यांत साठवलेला असतो. वेलांटी साठवताना क-च्या नंतर येते आणि दाखवताना आधी यावी लागते. दोन ल एकमेकांत गुंतवावे लागतात. या जुळणीला शेपिंग म्हणतात. युनिटीचं मजकूर दाखवणारं टेक्स्टमेशप्रो ती करत नाही. ते तुकडे आहेत त्या क्रमाने ओळीत उभे करतं, म्हणून वेलांटी भलतीकडे जाते आणि हलन्त उघडा पडतो.

युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिटसाठी (बटणं-मेनू मांडायच्या साधनासाठी) शेपिंग करणारा प्रगत टेक्स्ट जनरेटर आला आहे, पण तो टेक्स्टमेशप्रोला लागू होत नाही. गेम अजून कच्चा असेल तर गोडो ४ या दुसऱ्या इंजिनाकडे वळा. त्यात हार्फबझ हे शेपिंगचं इंजिन मुळातच आहे आणि देवनागरी पहिल्या दिवसापासून नीट उमटते. गोडो ३ मात्र नको, त्यात ही सोय नव्हती. गोडो पूर्ण फुकट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि वर्षभराने मागे घेतलं, तेव्हापासून पुष्कळ एकांडे डेव्हलपर तिकडे गेलेत. तरी युनिटीत अर्धा गेम झाला असेल तर केवळ रागापोटी इंजिन बदलू नका. शब्दकोड्यासाठी मात्र कारण खरं आहे.

अक्षरं नीट दिसली म्हणजे सुटलात असं समजू नका. शब्दकोड्यात चौकटी पाडायच्या असतात, आणि खरी मेख तिथे आहे. ‘स्त्री’ हा शब्द प्रोग्रॅमला सहा वर्णांचा दिसतो, खेळणाऱ्याला एका अक्षराचा. तयार फंक्शनवर विसंबावं तर तिथेही घोळ आहे. युनिकोडच्या (संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाणाच्या) जुन्या नियमात हलन्तानंतर तोड पडायची, म्हणून ‘स्त्री’चे तीन तुकडे व्हायचे. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम आला. तुमच्या इंजिनात, किंवा खेळणाऱ्याच्या फोनवर, कोणती आवृत्ती आहे यावर एकाच शब्दाच्या चौकटी तीन किंवा एक होतील. त्यापेक्षा नियम स्वतः लिहा, वीस ओळींत होतो: मात्रा, अनुस्वार, विसर्ग आणि हलन्त मागच्या अक्षराला जोडायचे, हलन्तानंतर व्यंजन आलं तर तेही मागच्यालाच, जोड तोडणारे-जोडणारे अदृश्य वर्ण मोजायचे नाहीत. मग ‘क्षत्रिय’ची क्ष, त्रि, य अशी तीन घरं होतात.

आता ताडून बघण्याचा भाग. ‘दुसऱ्या’मधला ऱ दोन प्रकारे साठवलेला असू शकतो: एकसंध, किंवा र आणि खाली नुक्ता. डोळ्यांना फरक दिसत नाही, प्रोग्रॅमला दिसतो. शब्दांची यादी आणि खेळणाऱ्याने दिलेला शब्द, दोन्ही एनएफसी या युनिकोडच्या एकसंध प्रमाणरूपात आणून मगच ताडा. ‘ॲप’मधल्या ॲ ला मात्र एनएफसीचा उपयोग नाही. अ वर ॅ दिलेला आणि एकसंध ॲ हे युनिकोडच्या लेखी वेगळेच आहेत, एका रूपात कधीच येत नाहीत. ते हाताने बदलून घ्या. ‘बरोबर शब्द देऊनही चूक दाखवतो’ ही तक्रार पुढे येणार असते ती नेमकी इथून.

संवाद एकेक अक्षराने उमटवायचे असतील तर गोडोच्या लेबलमध्ये (मजकूर दाखवणाऱ्या घटकात) ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर’ हे ‘आफ्टर शेपिंग’वर ठेवा. मूळ सेटिंगवर मजकूर आधी कापला जातो आणि मग जुळवला जातो, त्यामुळे प्रत्येक जोडाक्षर आधी पाय मोडून दिसतं आणि मग सावरतं. त्याच लेबलच्या भाषेच्या रकान्यात ‘एमआर’ हा मराठीचा कोड टाका. ज्या फॉन्टांत ल आणि श चे मराठी आणि हिंदी असे दोन्ही आकार आहेत, ते त्यावरून मराठी आकार निवडतात.

फॉन्ट म्हणून मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता किंवा बलू घ्या. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, गेममध्ये घालता येतात. मंगल विंडोजसोबत येतो म्हणून उचलून घालू नका, त्याचा परवाना तसा नाही. बटणांची उंची इंग्रजीच्या दीडपट धरा, नाहीतर वरचे रफार कापले जातात.

प्रश्न : लॅपटॉप गेला, त्यासोबत गेमवर डिजिटल सही करायची किल्ली असलेली केस्टोअर फाइलही गेली. गेम प्लेवर आहे. अपडेट कायमची बंद? (सोलापूर)

गेम ऑगस्ट २०२१ नंतर एएबी या प्लेच्या नव्या फाइल-स्वरूपात चढवला असेल तर नाही. तेव्हापासून नव्या ॲपची मूळ किल्ली गूगलकडेच असते. तुमची हरवली ती फक्त अपलोडची किल्ली. नवं केस्टोअर बनवा, त्याचं प्रमाणपत्र पेम फाइलमध्ये काढा आणि प्ले कन्सोलमध्ये ॲप साइनिंगच्या पानावरून किल्ली बदलून मागा. हा अर्ज खात्याच्या मूळ मालकालाच करता येतो. नवी किल्ली लागू व्हायला दोनेक दिवस धरा.

त्याआधीचा गेम असेल आणि प्ले ॲप साइनिंग कधी चालूच केलं नसेल, तर मात्र नव्या पॅकेज-नावाने पुन्हा श्रीगणेशा. ॲपलकडे हे दुखणं नाही. प्रमाणपत्र हरवलं तर रद्द करून नवं काढायचं, स्टोअरवरच्या गेमला धक्का लागत नाही. या एका बाबतीत ॲपलला पूर्ण गुण.

प्रश्न : गेम फक्त ६० एमबीचा आहे, तरी ३ जीबी रॅमच्या फोनवर पाचव्या लेव्हलला बंद पडतो. एररही येत नाही. आयफोनवर व्यवस्थित चालतो. (अमरावती)

६० एमबी हा डाउनलोडचा आकार. मेमरीत चित्रं उलगडून बसतात. २०४८ बाय २०४८ चा पीएनजी डिस्कवर ४०० केबीचा असला तरी मेमरीत २०४८ × २०४८ × ४ बाइट, म्हणजे १६ एमबी घेतो. चित्रांच्या अशा वीस शीट एकदम उघड्या असतील तर नुसत्या चित्रांचे ३२० एमबी झाले. मेमरी संपली की अँड्रॉइड गेमला बाहेरून मारतो, म्हणून तुमच्या कोडमध्ये एरर उमटत नाही. फोन केबलने जोडून लॉगकॅटमध्ये (फोनच्या अंतर्गत नोंदींत) ‘लोमेमरीकिलर’ किंवा ‘एलएमकेडी’ शोधा, तुमच्या गेमचं नाव तिथे सापडेल.

उपाय क्रमाने करा. चित्रं ग्राफिक चिपला समजणाऱ्या दाबलेल्या स्वरूपात द्या. तीच शीट ईटीसी२ मध्ये ४ एमबी होते आणि एएसटीसी ६ × ६ मध्ये पावणेदोनच्या आसपास. गोडोत आधी प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ईटीसी२-एएसटीसीची खूण करावी लागते, मग प्रत्येक चित्राच्या इम्पोर्टमध्ये ‘व्हीरॅम कॉम्प्रेस्ड’ निवडून पुन्हा इम्पोर्ट करायचं. सपाट रंगाच्या कार्टून चित्रांना आणि पिक्सेल आर्टला याने कडेला डाग पडतात. ती न दाबता ठेवा, पण आकाराने लहान करा. दुसरं, पाचवी लेव्हल उघडताना पहिल्या चार खरंच सुटल्यात का ते बघा. एखादी ग्लोबल स्क्रिप्ट त्यांची चित्रं धरून बसलेली असते. तिसरं, संगीत. तीन मिनिटांचं स्टिरिओ वेव ३२ एमबीच्या घरात जातं, ते दाबलेल्या ऑग स्वरूपात आणा.

गेम साधा टू-डी असेल तर गोडोचा कंपॅटिबिलिटी रेंडरर (चित्र पडद्यावर काढणारा भाग) वापरा. मोबाइल रेंडरर व्हल्कन या नव्या ग्राफिक-यंत्रणेवर चालतो आणि जुन्या स्वस्त फोनांचे व्हल्कन ड्रायव्हर भरवशाचे नसतात. हे सुरुवातीलाच ठरवायला हवं, कारण शेवटी बदललं तर उजेड आणि रंग बदलतात.

प्रश्न : माझ्या फोनवर ठीक चालणारा गेम मित्राच्या नव्या फोनवर दुप्पट वेगाने पळतो. (नाशिक)

मित्राचा पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं (फ्रेम) दाखवणारा आहे आणि तुम्ही वेग फ्रेमला बांधलाय. दर फ्रेमला ५ पिक्सेल सरकवलं तर ६० ला सेकंदाला ३०० आणि १२० ला ६०० होतात. वेग ‘सेकंदाला ३००’ असा लिहा आणि डेल्टाने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, गुणा.

हे सगळ्यांना ठाऊक असतं. चुकतं ते पुढे. गोडो ४ मध्ये पात्र सरकवणारं मूव्ह-अँड-स्लाइड हे फंक्शन स्वतःच डेल्टा लावतं. तिथे वेलॉसिटीला पुन्हा गुणलं तर पात्र जागचं हलेनासं होतं. गुरुत्वाकर्षणाला मात्र गुणावंच लागतं. कॅमेरा ‘दर फ्रेमला दहा टक्के जवळ’ असा सरकवला असेल तर तोही १२० ला जास्त घट्ट चिकटतो. ०.१ च्या जागी ‘१ वजा ई चा (उणे के गुणिले डेल्टा) हा घात’ घ्या. के म्हणजे पाठलागाचा वेग; तो साधारण ६ ठेवलात तर ६० फ्रेमला पूर्वीसारखंच वाटेल.

आयफोन-प्रोवर ही चूक दडून राहू शकते. गेमच्या इन्फो-पीलिस्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये ६० च्या वर जायची वेगळी नोंद नसेल तर गेम ६० वरच चालतो. तेव्हा ‘आयफोनवर बघितलं, ठीक आहे’ यावर जाऊ नका.

प्रश्न : लोक नाणी विकत घेतात, मिळतातही, पण तीन दिवसांनी त्यांचे पैसे आपोआप परत जातात. (मडगाव)

तुमच्या कोडमध्ये पोच द्यायची राहिली आहे. प्ले बिलिंगमध्ये (गूगलच्या खरेदी-व्यवस्थेत) प्रत्येक खरेदी तीन दिवसांत ॲकनॉलेज करावी लागते, नाहीतर गूगल पैसे परत करतं. नाण्यांसारख्या पुन्हापुन्हा घ्यायच्या वस्तू कन्झ्यूम करा, म्हणजे ‘वापरून झाली’ अशी नोंद द्या, त्यातच पोच होते आणि पुढची खरेदी मोकळी होते. नुसतं ॲकनॉलेज केलं तर ‘ही वस्तू तुमच्याकडे आहे’ म्हणून दुसऱ्यांदा घेता येत नाही.

खरेदी ‘पेंडिंग’ असताना नाणी देऊ नका. पैसे पोचेपर्यंत ती त्या अवस्थेत राहते आणि रद्दही होऊ शकते. गेम उघडताना दर वेळी जुन्या अपुऱ्या खरेद्या तपासा, कारण पैसे भरता भरता फोन बंद पडणं ही रोजची गोष्ट आहे.

हाच गेम आयफोनवर नेताना कायमच्या खरेदीसाठी ‘रिस्टोअर’चं बटण हवंच. ते नसलं की तपासणीत परत पाठवतात.

प्रश्न : कॅरमच्या गेममध्ये दहा रुपये प्रवेश फी आणि जिंकणाऱ्याला शंभर, असं ठेवता येईल का? हा तर कौशल्याचा खेळ आहे. (जळगाव)

नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना बंदी आहे. कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. नवा स्ट्रायकर, नवा बोर्ड विका. जोवर त्याच्या बदल्यात पैसे परत मिळत नाहीत, तोवर ही विक्री या बंदीत येत नाही.

प्रश्न : अँड्रॉइडवर गेम बरा चालतोय. आता आयफोनसाठी जुना मॅक घेतोय, वीस हजारांत इंटेल चिपचा मिळतोय. घेऊ? (चिंचवड)

घेऊ नका. ॲप स्टोअरवर चढवताना एक्सकोड या ॲपलच्या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरची किमान आवृत्ती लागते आणि ती दर वर्षी पुढे सरकते. नवं एक्सकोड नवी मॅकओएस मागतं, आणि ॲपलने जाहीर केल्याप्रमाणे मॅकओएस २६ ही इंटेलवर चालणारी शेवटची. वीस हजारांचं यंत्र लवकरच अपलोडपुरतंही उरणार नाही. वापरलेला, ॲपलच्या स्वतःच्या चिपचा एम१ मॅक मिनी बघा, शक्यतो १६ जीबीचा. २५६ जीबीची डिस्क चालते, पण एक्सकोड आणि सिम्युलेटर मिळून पन्नास-साठ जीबी सहज खातात, तेव्हा न लागणारे सिम्युलेटर काढून टाकत जा.

९९ डॉलर लगेच भरू नका. साध्या ॲपल आयडीने स्वतःच्या आयफोनवर गेम चढवता येतो. तो सात दिवस चालतो, मग पुन्हा चढवायचा. स्पर्श, आवाज, पडद्याच्या खाचेखाली गेलेली बटणं, खालच्या कडेवरून बोट ओढल्यावर गेमच मिटणं, हे सगळं एवढ्यात तपासून होतं. ॲपलच्या सर्व्हरवर खरेदीची चाचणी आणि टेस्टफ्लाइट (टेस्टरांना गेम देण्याची ॲपलची सोय) मात्र पैसे भरल्यावरच. टेस्टफ्लाइटची प्रत ९० दिवसांनी बंद होते, म्हणून टेस्टर गोळा झाल्यावरच ती चढवा.